वडप्याचा रिमोट आणि विनिपेगची गाडी

आधीच सांगून ठेवतो — माझा भुताखेतांवर, नजर लागण्यावर, देवदेवस्कीवर काडीचाही विश्वास नाही. आणि हे मी गाडीला लटकवायची लिंबू-मिरची विकून सांगतोय. भिवंडीत कल्याण रोडला माझं कार डेकोरचं दुकान आहे. सीट कव्हर, टेप, सेंट्रल लॉक, रिव्हर्स घेताना वाजणारी आरती, सगळं मिळतं. लिंबू-मिरची प्लास्टिकची आहे, मळली तर धुता येते. गिऱ्हाईक विचारतं, 'शेठ, याने फरक पडतो का?' मी सांगतो, 'आरशात बघताना मधे येते, एवढाच.' तरी घेऊन जातात.

त्यामुळे या सदरात लोक हायवेवर लिफ्ट मागणाऱ्या बायकांबद्दल वगैरे जे लिहितात ते मी चहाबरोबर वाचतो आणि पान उलटतो. आज स्वतःच लिहायला बसलोय हे बायकोला सांगितलेलं नाही. ती लग्न झाल्यापासून याच दिवसाची वाट बघतेय.

गोष्ट दोन हजार सात-आठच्या हिवाळ्यातली. वडप्याचे बाळारामदादा पाटील हे माझं जुनं गिऱ्हाईक. नाशिक हायवेला लागून त्यांची भातशेती होती. जमीन अजून त्यांचीच आहे, फक्त भाताच्या जागी गोदामं उगवलीत. त्यातलं एक कोल्ड स्टोरेज... मटार, मासे, आइस्क्रीम, सगळं थिजवून ठेवायचं. दादा पांढरा शर्ट, पांढरी पँट आणि गळ्यात बोटाएवढी जाड चेन घालून फिरतात. आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलताना पलीकडच्या शेतातला माणूस उत्तर देतो. मनाने मात्र लोणी. दादांची भाषा अस्सल आगरी. ते गाडीला 'गारी' म्हणतात आणि घोड्याला 'घोरा'. सगळं तसंच लिहिलं तर लांबच्या वाचकांना दुभाष्या लागेल, म्हणून थोडं सोपं करून लिहितो.

तर एका सकाळी दादा दुकानात आले आणि रुमालात गुंडाळलेली एक वस्तू काउंटरवर ठेवली. रुमाल सोडला तर आत एक छोटा काळा रिमोट. त्याच्यावर हळद, कुंकू आणि चिकटलेल्या तांदळाचे दोन दाणे.

"नितीन, यो जरा बघ. चालत न्हाय."

"कुठल्या गाडीचा?"

"आमचे बायचे गाडीचा."

बाय म्हणजे त्यांची एकुलती एक मुलगी, दर्शना. मी बाहेर डोकावून बघितलं. "गाडी कुठाय?"

"कॅनडान."

मी रिमोट खाली ठेवला. "दादा, गाडी कॅनडात आहे. मग हा चालत नाही हे तुम्हाला कळलं कसं?"

"रोज सकाली देवपूजा झाली का दाबतो," दादा म्हणाले. "मंग बायला फोन लावतो. ती सांगते, न्हाय झाली चालू."

मी दादांना बसवलं आणि चहा सांगितला. मग हळूहळू सगळी हकीकत बाहेर आली.

दर्शना लग्न होऊन विनिपेगला गेली होती. तिच्या नवऱ्याने, प्रशांतने, तिथे एक जुनी गाडी घेतली आणि तिला रिमोट स्टार्टर बसवून घेतला. म्हणजे घरात उभं राहून बटन दाबायचं, बाहेर बर्फात गाडी आपोआप चालू होते, आणि आपण जाऊन बसेपर्यंत आतून गरम झालेली असते. तिकडे ही चैन नाही, गरज आहे. पण दादांच्या घराण्यात एक नियम आहे. ट्रॅक्टर असो नाहीतर सायकल, गावदेवीसमोर उभी करून नारळ फोडल्याशिवाय वापरायची नाही. आता कॅनडातली गाडी वडप्याला आणायची कशी? दादांची बायको, आमच्या काकी, म्हणाल्या, गाडीचा फोटो मागवू. दादांना ते पटलं नाही. "फोटोला काय नारल फोडतेस? फोटोला हार माणूस गेल्यावर घालतात."

मग दादांनीच तोड काढली. त्या स्टार्टरबरोबर दोन रिमोट आले होते. प्रशांत भावाच्या लग्नाला दसऱ्याच्या सुमारास भारतात येणार होता, त्याला सांगितलं की येताना एक रिमोट घेऊन ये. रिमोट म्हणजे गाडीचा जीव, त्याची पूजा झाली की गाडीची झाली. त्या दसऱ्याला गावदेवीसमोर दादांचा ट्रॅक्टर आणि टेम्पो यांच्या मधोमध एका पाटावर हा रिमोट मांडला होता. झेंडूची माळ त्याच्यापेक्षा मोठी निघाली, म्हणून दोनदा गुंडाळली. नारळ फुटला, सगळं यथासांग झालं. नंतर जावयाची बॅग भरताना काकींनी सुकट, बोंबील, पापड आणि लिंबाचं लोणचं कोंबून कोंबून भरलं, आणि रिमोट राहिला देव्हाऱ्यात.

मी रिमोट उघडला. आत बटनांच्या खाली कुंकवाची पेस्ट झालेली. ब्रशने साफ केला, नवीन सेल टाकला आणि बटन दाबलं. बारकासा लाल दिवा लागला.

"झाला," दादा खूश.

"दादा, दिवा लागला म्हणजे रिमोट चांगला आहे. पण हा फार तर या दुकानापासून त्या समोरच्या पेट्रोल पंपापर्यंत चालतो. मधे समुद्र असला तर नाही चालत."

दादांनी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी खरी काळजी सांगितली. दर्शनाला नववा लागला होता. पहिलीच वेळ. काकींनी जायची सगळी तयारी केली होती, डिंकाचे लाडूसुद्धा वळून ठेवले होते, पण त्यांचा व्हिसा नाकारला गेला. तिच्या सासूला गुडघ्यांमुळे प्रवास जमत नाही. प्रशांतची रात्रपाळी. आणि त्यात या गाडीने नवीन नाटक सुरू केलं होतं. थंडी वाढली की रिमोटने चालूच व्हायची नाही.

"थितं उने तीस असतं म्हनं," दादा म्हणाले. "उने तीस म्हंजे किती रं?"

"बर्फ होतो ना, त्याच्याही खाली तीस."

"बर्फाचे खाली काय असतं?"

"विनिपेग," मी म्हणालो.

दादा हसले नाहीत. त्यांनी रुमालाने कपाळ पुसलं. "नितीन, पोरगी येकली हाय. राती-बेराती पोटान कला सुरू झाल्या अन् गाडी उभीच राह्यली, तर? तूच सांग." माणसाचा आवाज एवढा खाली आलेला मी पहिल्यांदाच ऐकला आणि मला स्वतःच्या विनोदाची लाज वाटली. मी म्हणालो, बघू, फोनवरून काय होतं ते.

पुढचे काही दिवस मी भिवंडीत बसून विनिपेगची गाडी रिपेअर करत होतो. संध्याकाळी दर्शनाचा फोन यायचा, तेव्हा तिच्याकडे सकाळ असायची. मी इकडून सांगायचो, ती प्रशांतला सांगायची, आणि तो बिचारा रात्रपाळी करून आलेला, बर्फात बॉनेट उघडून उभा. बॉनेटखाली एक पिन असते. तिच्यावर बर्फ साठला की सिस्टिमला वाटतं बॉनेट उघडं आहे, आणि ती गाडी चालू करत नाही. पिन साफ केली. हँडब्रेकची तार बघितली. बॅटरीची टोकं घासली. तिकडे रात्री गाडीचं इंजिन गरम राहावं म्हणून घरातल्या प्लगला वायर लावून ठेवतात, ती बदलली. "म्हंजे मोबाईलसारखी चार्जिंगला?" दादांनी विचारलं आणि त्यांना कॅनडाबद्दल पहिल्यांदाच आदर वाटला. एवढं करूनही गाडी एक दिवस चालू व्हायची, दोन दिवस नाही. मला शंका होती ती तिच्या रिमोटमधल्या सेलची. थंडीत सेल मरगळतो, पण किती, हे मला कुठे माहीत? भिवंडीत थंडी म्हणजे सकाळी रिक्षावाले कानाला मफलर बांधतात तेवढीच.

"एवढंच ना," दादा म्हणाले. "थंडी आपलेकडं पन हाय. भाड्यान दिलेली हाय."

अशा रीतीने एका रविवारी संध्याकाळी आम्ही वडप्याच्या कोल्ड स्टोरेजवर पोचलो. तिथला सुपरवायझर शकीलभाई. उत्तरेकडचा, शांत माणूस. जागेचे मालक स्वतः रिमोट घेऊन आलेत म्हटल्यावर त्याने काही विचारलं नाही. फक्त दोन जाड जाकिटं आणि गमबूट पुढे केले. दादांचं जाकीट पोटावर मिटेना. गमबुटात पाय जाईना. "सेठजी, चप्पल में मत जाओ," शकीलभाई म्हणाला. दादा म्हणाले, "पाच मिंटांचं काम हाय." मग मीही चपलेतच गेलो. काकी बाहेर माल उतरवायच्या फलाटावर मोबाईल घेऊन खुर्चीत बसल्या. दर्शनाचा फोन यायचा होता, आणि आत त्या जाड भिंतींमुळे रेंज येत नव्हती.

आत उणे वीस. मटारच्या पोत्यांच्या भिंती. पहिलं मिनिटभर मजा वाटते, मग नाकातले केस ताठ होतात. दादा गळ्यातली चेन शर्टाच्या बाहेर काढत म्हणाले, "नितीन, गल्यान कुनी साप टाकलाय." मी रिमोट एका पोत्यावर ठेवून थोडा वेळ थिजू दिला. मग दाबला. लाल दिवा लागला, पण अगदी मरतुकडा. माझा अंदाज बरोबर होता. मी मागचं झाकण काढून सेल बाहेर काढला आणि मुठीत घट्ट धरला. ऊब लागल्यावर दिवा परत नीट लागला, तर दोष सेलचा, आणि मग दर्शनाला फक्त एवढंच सांगायचं की रिमोट आतल्या खिशात ठेवत जा. रिकामा रिमोट झाकण लावून दादांच्या हातात दिला. हे नीट लक्षात ठेवा. सेल माझ्या मुठीत, रिमोट दादांच्या हातात.

तेवढ्यात बाहेरून काकींनी हाक मारली. त्या हाकेत काहीतरी होतं, कारण आम्ही दोघंही पळत बाहेर आलो. काकींनी फोन स्पीकरवर टाकला होता.

"आई, घाबरू नको," दर्शना म्हणत होती. म्हणजे तीच घाबरलेली होती. "पहाटेपासून दुखतंय. तुम्हाला सांगणार नव्हते."

"परशांत कुठं हाय?" दादांनी विचारलं.

"ड्युटीवर होता. वादळ आहे बाबा, रस्ते बंद पडलेत. येतोय म्हणाला, मधेच अडकलाय. ॲम्ब्युलन्सला फोन केलाय, पण ते म्हणतात किती वेळ लागेल सांगता येत नाही."

"अन् गाडी?"

"गाडी दारात आहे. शेजारच्या हेलनबाई आल्यात, त्यांची गाडी नाहीये पण चालवता येते, त्या मला जवळच्याच दवाखान्यात नेतील. त्यांनी चावी लावून बघितली... नुसती टकटक करते आणि गप्प होते. रात्री वीज गेलेली, त्यामुळे प्लगही बंद होता." मधेच ती थांबली. तिचा श्वास फोनवर ऐकू येत होता. काकींनी तोंडाला पदर लावला.

"नितीनभाऊ आहेत का? काय करू सांगा ना."

मी नेहमी सांगतो तेच सांगितलं. बॅटरीला थोडा वेळ विश्रांती द्या, लाईट-टेप सगळं बंद ठेवा, मग परत बघा. माझं मलाच ते पोकळ वाटत होतं.

"रिमोटनी बघ ना, बाय," दादा म्हणाले.

"रिमोट प्रशांतच्या जाकिटात गेला, बाबा."

गाडी बायकोसाठी ठेवली आणि रिमोट स्वतःच्या खिशात घेऊन गेला. असे जावई सगळीकडेच असतात, त्यात कॅनडाचा दोष नाही.

"अन् दुसरा?" दादांनी सवयीने विचारलं. विचारल्यावर त्यांनी स्वतःच्या हाताकडे बघितलं.

मला त्या क्षणी दादांकडे बघवेना. कुणी त्यांना दोष दिला नव्हता, ना दर्शनाने, ना काकींनी. पण जो रिमोट तिच्या घरात खुंटीला असायला हवा होता, तो पूजेसाठी यांनीच हट्टाने मागवून घेतलेला. चावीनेही न चालणारी गाडी रिमोटने कशी चालू होणार होती, हा हिशेब माझा. बापाचा हिशेब वेगळा असतो.

दादांनी जाकीट अंगातून काढून खुर्चीवर टाकलं आणि परत आत निघाले.

"सेठजी, जाकेट..." शकीलभाई मागे धावला.

"दादा, दाबायचंच असेल तर इथूनच दाबा," मी म्हणालो. "आत जाऊन काय होणार?"

"बाय थंडीन हाय ना," दादा म्हणाले. "मंग मी उबेन उभा राहून कसा दाबू?"

मी त्यांच्या मागोमाग आत गेलो आणि मूठ उघडून दाखवली. "दादा, सेल माझ्याकडे आहे. हा बघा. रिमोट रिकामा आहे."

"राहू दे तुझेकडं."

"अहो, आत काहीच नाही त्याच्या."

"बायजवल तरी काय हाय?"

दादा मटारच्या पोत्यांसमोर, अंगात पातळ पांढरा शर्ट, पायात चपला, रिमोट दोन्ही हातांत धरून उभे राहिले. मी शिकवलं होतं तसंच केलं, आधी लॉकचं बटन, मग स्टार्टचं दाबून धरायचं. ओठ हलत होते. गावदेवीचं नाव असणार. दार उघडं राहिल्यामुळे कोल्ड स्टोरेजचा अलार्म केकाटायला लागला. शकीलभाई बिचारा एकदा तापमानाच्या काट्याकडे बघत होता, एकदा मालकाकडे. आणि त्या सगळ्या गोंधळात बाहेरून काकींच्या हातातला फोन बोलला.

"आई... लाईट लागले."

"कसले लाईट?" काकी.

"गाडीचे. गाडीचे लाईट लागले. आई, चालू झाली गाडी. आत कोणीच नाहीये... हेलनबाई इथे माझ्याजवळ उभ्या आहेत, चावी त्यांच्या हातात आहे." मागून कुणीतरी म्हातारी, हेलनबाईच असणार, परक्या भाषेत काहीतरी पुटपुटत होती. अर्थ कळला नाही, पण सूर काकींच्या देवघरातल्या सुरासारखाच होता.

माझ्या मुठीत सेल होता. तो मी इतका घट्ट दाबला होता की तळव्यावर गोल वळ उठला.

दादा बाहेर आले. चेहरा पांढराफटक, मिशीवर दव. फोनच्या जवळ तोंड नेऊन एवढंच म्हणाले, "बाय, बसलीस का हीटर लाव." मग खुर्चीत बसले, आणि एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडला. शकीलभाईने अलार्म बंद केला आणि कुणालाही न विचारता चहा आणायला गेला.

जेवायच्या वेळेला फोन आला. मुलगी झाली होती, दोघी सुखरूप. दवाखान्यात पोचल्यावर फार वेळ गेलाच नव्हता. डॉक्टर म्हणाले, घरी थांबला असता तर कठीण होतं. नाळ गळ्याभोवती होती. दादांनी त्या रात्री वडप्यात कुणाला पेढे द्यायचे सोडले असतील असं वाटत नाही.

आता माझं ऐका. मी काही गप्प बसलो नाही. पुढचे कित्येक दिवस हाच उद्योग केला. काही स्टार्टर फार थंडी पडली की स्वतःहून गाडी चालू करतात, प्रशांतला बघायला सांगितलं. त्याच्या मॉडेलमध्ये ती सोयच नव्हती. प्रशांतने खिशातला रिमोट दाबला असेल? तो शहराच्या दुसऱ्या टोकाला बर्फात रुतलेल्या बसमध्ये होता, आणि रिमोट त्याने जाकिटातून काढून बॅगेत, डब्याखाली टाकलेला. शेजारच्या कुणाच्या रिमोटचा कोड जुळला असेल? जुळू शकतो, लाखात एकदा. तोही त्याच मिनिटाला. वायरमध्ये बर्फ जाऊन रिले, म्हणजे स्टार्टरला करंट सोडणारा आतला स्विच, आपोआप चिकटला असेल? मला सगळ्यात आवडलेलं कारण हेच. पण तसं झालं असतं तर दिवे लागून मग इंजिन, असं शिस्तीत झालं नसतं. तसं फक्त रिमोटच्या हुकमाने होतं. आणि मेलेली बॅटरी? विश्रांती दिल्यावर बॅटरी थोडी जागी होते, हे मी मघाशीच सांगितलं होतं. म्हणजे यातलं थोडं श्रेय मी घेऊ शकतो. मी ते घेतलंही. काकींनी मला एक लाडू दिला आणि दादांना गावदेवीला घेऊन गेल्या.

एक गोष्ट सांगायची राहिली. दुसऱ्या दिवशी दादांच्या डाव्या पायाचा तळवा सुजला आणि त्यावर फोड आले. चांगले मोठे, पाण्याने भरलेले. उजवा पाय ठणठणीत. मीच त्यांना निजामपुऱ्यातल्या माझ्या ओळखीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पाय उलटापालटा करून बघितला. "हे भाजल्यासारखं दिसतंय. तव्यावर उभे होतात का, शेठ?"

"मटारवर," दादा म्हणाले.

मी सगळं समजावून सांगितलं. डॉक्टर म्हणाले, बर्फात चालून असं होतं खरं, पण उघड्या पायाने आणि बराच वेळ. चपला घालून दोन-चार मिनिटं उभं राहून नाही होत. "आणि एकाच पायाला कसं? लंगडी घालत होतात का?" मी दादांच्या शेजारीच, त्याच लादीवर, त्यांच्याएवढाच वेळ चपलेत उभा होतो. माझ्या पायाला काहीही झालं नाही. डॉक्टरांनी मलम दिलं. बरं व्हायला महिना लागला. कातडीवर डाग राहिला तो राहिलाच. आम्ही सगळ्यांनी ठरवून टाकलं की लादीवर काहीतरी केमिकल सांडलं असेल. शकीलभाईला हे पटलं नाही. त्याची लादी स्वच्छ असते.

पुढे दीड-दोन वर्षांनी दर्शना मुलीला घेऊन माहेरी आली. मे महिना, पंखा फिरत होता आणि ती पोरगी घामाने निथळत सगळ्या घरभर पळत होती. मला मुद्दाम बोलावलं होतं. मी तिला माझी सगळी कारणं परत सांगितली. रिले, कोड, बॅटरी. दर्शना इंजिनियर आहे, तिने नीट ऐकून घेतलं आणि माझ्यासारखीच तीही रिलेवर येऊन थांबली. काकी दोघांना चहा देत होत्या. दादा लुंगीवर, खुर्चीत, पाय पसरून बसलेले.

"मला त्या दिवसाचं फारसं आठवतच नाही, नितीनभाऊ," दर्शना म्हणाली. "पाय एवढे सुजले होते की बूट चढेनात. घरातल्या सपाता घालूनच निघाले. दारापासून गाडीपर्यंत गुडघाभर बर्फ. मधेच एक सपात बर्फात रुतली ती गेलीच. वाकता कुठे येत होतं? तशीच अनवाणी पायाने गाडीपर्यंत गेले. गाडीत बसून दवाखान्यात पोचेपर्यंत तो पाय ओलाच होता. हेलनबाई म्हणत होत्या, आता बोटं जाणार तुझी. नर्सनी किती वेळा बघितला तो पाय. पण काहीच नाही. साधा लालही झाला नव्हता. आणि गंमत म्हणजे मला गार लागलंच नाही. उलट ऊब लागत होती."

काकींनी दादांच्या पायाकडे बघितलं.

"कंचा पाय, बाय?" दादांनी विचारलं.

"डावा. का हो, बाबा?"

"काय न्हाय. असंच."

त्यांनी डावा पाय हळूच मागे घेतला आणि लुंगीच्या आत ओढला. दर्शनाला फोडांचं कुणी कधी सांगितलंच नव्हतं. बाळंतिणीला कशाला काळजी, म्हणून तेव्हा राहून गेलं, आणि मग विषय निघालाच नाही. तिची मुलगी तेवढ्यात आजोबांच्या मांडीवर येऊन आदळली आणि बोलणं दुसरीकडे गेलं.

निघताना दादा मला गेटपर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "तिला सांगितलं का नाही?"

"सांगितलं तर जन्मभर थितं जपून पाय टाकंल," दादा म्हणाले. "टाकू दे की बिनधास्त. मी हाय ना इथं."

रिले, कोड, बॅटरी... गाडीचं मी अजूनही कुणाशीही वाद घालून समजावून सांगेन. पायाचं मला कुणी समजावून सांगितलेलं नाही, आणि आता मी विचारायचंही सोडून दिलंय.